देवाची अंघोळ

माझ्या कामामुळे माझी नजर कायमची बिघडली आहे. तेलाच्या कारखान्यात मी गंज तपासतो. पाइप, टाक्या, वेल्डिंगचे सांधे, कुठे काय खाल्लं जातंय ते शोधायचं, मोजायचं आणि जसं आहे तसं रिपोर्टात लिहायचं. कुणाला वाईट वाटेल म्हणून रीडिंग बदलायचं नाही, हा आमच्यातला पहिला नियम. या सवयीपायी कुणाच्याही घरी गेलो की मी माणसांआधी खिडक्यांच्या चौकटी बघतो. बायको म्हणते, लोक लग्नात नवरी बघतात, हा मांडवाचे खांब वाजवून बघतो. आम्ही राहतो ते कुवेतमधलं महबूला समुद्राला लागून आहे, त्यामुळे इथे बघण्यासारखं भरपूर असतं. बाल्कनीचे गज, एसीचे पत्रे, गाड्यांची दारं, सगळं तो खारा वारा खात असतो.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये नाशिकचं एक जोडपं राहत होतं. नवरा माझ्याच कारखान्यात, पंपांच्या विभागात, माझ्याहून बराच मोठा. मी त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांना एकच मुलगा. इथेच जन्मलेला, आईने मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारा, लिफ्टमध्ये भेटला की 'हाय अंकल' म्हणून परत मोबाइलमध्ये डोकं घालणारा. मला त्याचा राग यायचा. कॉलेजच्या पहिल्याच वर्षात, जवळच्याच फिंतास भागाच्या अलीकडे, मित्राच्या गाडीत बसलेला असताना अपघातात तो गेला.

शवागारात दादांबरोबर मी गेलो होतो. आत ते एकटेच गेले. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून ते एवढंच म्हणाले की हिला दाखवायचं नाही. पुढे सगळं तसंच झालं. पेटी इथे बंद झाली, विमानाने मुंबईला गेली, तिथून गाडीने नाशिकला, आणि घरी न थांबता थेट अमरधाम स्मशानभूमीत. पेटी उघडू नये असं डॉक्टरांचं मत होतं, दादांचंही होतं, आणि जमलेल्या मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. वहिनींना कुणी विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर दोघं परत आली. दादा कामावर यायला लागले. वहिनी बोलेनाशा झाल्या. माझी बायको रोज काहीतरी करून घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत यायचा. दादांना सुट्टीच्या दिवशी घर खायला उठायचं, म्हणून ते शुक्रवारच्या बाजारात जाऊन नुसते हिंडत. देश सोडून जाणाऱ्यांचं सामान तिथे विकायला येतं, जुन्या बंगल्यांतली अडगळही येते. तिथून एकदा ते एक मूर्ती घेऊन आले.

दीड वीत उंचीची, चार हातांची, काळपट धातूची. कमरेला चुण्यांचं आखूड वस्त्र, डोक्यावर उंच बांधलेल्या जटा, डोळे मिटलेले. एका हातात कमळाची कळी, एकात पोथीसारखं काही, एकात माळ, एकात छोटा कमंडलू. पाय घोट्यापासून नव्हते. दादांनी कारखान्यातल्या सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून घेतला आणि त्यात ती अशी बसवली की पाय नाहीत हे कळू नये. चार हात आणि कमळ बघून विष्णूच असणार असं त्यांनी ठरवून टाकलं. शंख कुठे आहे, चक्र कुठे आहे, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चहा प्यायला सुरुवात केली.

त्या मूर्तीने वहिनींना मात्र बोलतं केलं. आमच्या दोन्ही घरांच्या मोऱ्यांमध्ये एकच भिंत होती. सकाळी मी दाढी करत असताना पलीकडून ताम्हणात पाणी पडल्याचा आवाज यायचा आणि वहिनींचा आवाज यायचा. 'थांब, बघू दे आधी. पोळेल.' मला आधी वाटलं, फोनवर कुणाशी बोलताहेत. मग बायकोने सांगितलं की त्या देवाला अंघोळ घालतात. इथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की गार पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो. वहिनी आदल्या दिवशी बादली भरून ठेवत, पाणी निवलं की नाही ते कोपर बुडवून बघत आणि मगच तांब्या भरत. हिवाळ्यात उलट, गॅसवर कोमट करून घेत. घरोघरी देवांवर सकाळी पळीभर पाणी घालतात तसं ते नव्हतं, ती साग्रसंगीत अंघोळ असायची. सणाला चिंच आणि रांगोळी लावून घासणं, मग पंचामृत, मग पुन्हा पाणी, मग मऊ पंचाने टिपणं. काळपटपणा जाऊन खांदे आणि गाल तांबूस चमकायला लागले. दादा एकदा मला म्हणाले की बाबा, ती जेवायला लागली आहे.

त्यामुळे मूर्तीच्या काखेत मला पहिल्यांदा हिरवा ठिपका दिसला तेव्हा मी गप्प बसलो. तांबं कळकतं तेव्हाचा हिरवा वेगळा असतो, घट्ट, चिकटलेला. हा फिक्का होता आणि बोट लावलं तर पिठासारखा हाताला येत होता. पुढच्या खेपेला तो कोपरापर्यंत गेला होता. वहिनी पंचाने पुसून घेत, आणि दोन दिवसांत पूड परत. इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी देवाला घाम फुटतो, हे जागृत स्थान आहे, असं सांगून आणखी दोघींना दर्शनाला आणलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दादांना जिन्यात गाठून सांगितलं की घाम-बिम काही नाही, धातू आतून खाल्ला जातोय, आणि आधी ही मूर्ती कसली आहे ते बघू.

दादा एका दुपारी ती टॉवेलमध्ये गुंडाळून आमच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आले. मिश्रधातू ओळखायचं एक यंत्र आमच्याकडे असतं, पिस्तुलासारखं दिसणारं. पाइपला टेकवलं की आत कोणकोणते धातू आहेत ते पडद्यावर येतं. ते मी देवाच्या छातीला टेकवलं. मला देवाधर्माचं फारसं काही नाही, पण घोडा दाबताना हात अवघडला, हे खरं. पडद्यावर तांबं आलं, कथील आलं, थोडं शिसं आलं. जस्त नाही. आपल्याकडच्या बाजारातली पितळी मूर्ती असती तर जस्त आल्याशिवाय राहिलं नसतं. एवढ्यावरून वय सांगता येत नाही, पण ही अडगळीतली शोभेची वस्तू नव्हे एवढं मला कळलं. दादांना मी म्हटलं, पाणी बंद करा. ते म्हणाले, तू येऊन सांग तिला. मी काही गेलो नाही. सकाळी भिंतीपलीकडून आवाज येत राहिला.

मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी पाण्याचा आवाज मधेच थांबला. मी दाढी अर्धी टाकून कान देऊन उभा राहिलो. काहीच नाही, रडणंही नाही. माळ धरलेला हात खांद्यापासून निघून वहिनींच्या हातात आला होता.

आता ही बातमी मंडळात पोचायला किती वेळ लागतो? जागृत स्थानवाल्या बाईच सगळ्यांत आधी म्हणाल्या की खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, घराला ते चांगलं नाही, वाहत्या पाण्यात सोडून द्या. मुलगा गेलेल्या घरात येऊन घराला चांगलं नाही म्हणायला जीभ कशी रेटते, मला अजून समजलेलं नाही. वहिनींनी त्यांना पाणी विचारलं आणि त्या गेल्यावर तो हात एका पंचात गुंडाळून मूर्तीशेजारी ठेवला.

त्या शुक्रवारी खाली पार्किंगमध्ये दादा दिसले. हातात बकाल्यातली, म्हणजे खालच्या किराणा दुकानातली, प्लॅस्टिकची पिशवी, तळाशी जड. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, फिंतासला, समुद्रावर. मी दार उघडून त्यांच्या गाडीत बसलो. वहिनी नुकत्याच झोपल्या होत्या, त्या उठायच्या आत हे उरकायचं होतं, हे मला नंतर कळलं. किनाऱ्यावर एक कुटुंब चटई पसरून बसलं होतं. दादा चपला काढून पाण्यात गेले, घोटाभर, मग गुडघाभर. मी बूट घालून तसाच मागे गेलो.

"वहिनींना विचारलंत?" मी म्हटलं.

ते थांबले. लाटेने त्यांची पँट वरपर्यंत भिजली. मग ते वळले आणि पिशवी माझ्या हातात देऊन वाळूत जाऊन बसले. असा माणूस रडायला लागला की काय करतात ते मला येत नाही. मी पिशवी धरून शेजारी उभा राहिलो.

कुवेत सिटीत एका खासगी संग्रहालयात जुन्या धातूच्या वस्तू दुरुस्त करणारी एक मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई आहे, हे मला एका ओळखीच्याकडून माहीत होतं. आम्ही दोघं तसेच, ओल्या कपड्यांनी, तिच्याकडे गेलो. वाटेत दादांना एकच भीती होती, चोरीची वस्तू निघाली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल आणि आपल्याला हाकलतील. तिने मूर्ती हातात घेतली नाही. आधी हातमोजे घातले, मग फोमवर आडवी ठेवली आणि दिवा तिरका करून डोक्यावर धरला. जटांच्या मधोमध, आम्हाला नक्षी वाटलेल्या जागी, नखाएवढी एक आकृती होती, मांडी घालून बसलेली. घासून घासून तिचं तोंड पुसट झालं होतं. तिरक्या उजेडात मात्र कळत होतं की तो बुद्ध आहे.

तिने फोटो काढून ते जाणणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला पाठवले, आणि तासाभरात त्याचं उत्तर आलं तसं आम्हाला सांगितलं. हा विष्णू नाही, लोकेश्वर आहे. जगातला प्रत्येक जीव दुःखातून सुटेपर्यंत मी सुटणार नाही म्हणून मागे थांबलेला बोधिसत्त्व. कंबोडियातल्या ख्मेर लोकांनी घडवलेला, हजारेक वर्षांपूर्वीचा. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचं लिंपण द्यायचं, मेण वितळवून त्या जागी ब्राँझ ओतायचं, अशी ही रीत. पोट भरीव दिसतं पण आत ओतकामाच्या वेळची माती अजून तशीच आहे. रोज घातलेलं पाणी ती माती पीत होती. धातूत आधीच मीठ शिरलेलं होतं, त्यात इथली हवा, पंचामृत, चिंच. हिरवी पूड हा ब्राँझला होणारा रोग आहे आणि ओल मिळाली की तो थांबत नाही. घोट्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली की पाय बहुतेक तिकडेच, देवळातल्या चौथऱ्यात राहिले असतील. उपटताना कुणी पायांसाठी थांबत नाही.

मूर्ती तिच्याकडे द्यावी, ती दुरुस्त करेल, संग्रहालय त्या देशाच्या दूतावासाला कळवेल, आणि तुम्ही स्वतःहून आणून दिली असंच लिहिलं जाईल, असं तिचं म्हणणं होतं. दादा लगेच हो म्हणायला निघाले. मी त्यांचा दंड धरला. आम्ही मूर्ती आणि हात तिने दिलेल्या कोरड्या डब्यात घालून घरी आणला.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवतात तसं. देव कोणता, कुठला, कुणी केला, पाय कुठे आहेत. शेवटी म्हटलं, "वहिनी, पाण्याने तो मरतोय. तुम्ही घालताय त्या पाण्याने." माझा आवाज चढला होता. हजार वर्षं टिकलेली वस्तू एका मोरीत संपत होती आणि त्याचा मला मनापासून संताप येत होता.

"मला माहीत आहे, भावजी," त्या म्हणाल्या. "रोज ताम्हणात उतरतो तो. हिरवा. मी डोळ्यांनी बघते की."

मग का, असं मी विचारलं. दादा दारात उभे होते.

"माझ्या लेकाला मला अंघोळ घालू दिली नाही," वहिनी म्हणाल्या. "पहिली मी घातली होती. शेवटचीही मीच घालणार होते. पेटीला खिळे होते. मी अमरधामात पाण्याची घागर घेऊन उभी होते आणि हे म्हणाले, नको. मलाही कळतं, मेलेल्याला कसलं पोळतंय, गार काय नि गरम काय. पण मी पाणी कोमट करून आणलं होतं."

हे त्या दादांकडे न बघता बोलल्या. दादा दारातून हलले नाहीत. मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं, इतकं स्पष्ट सांगतो. पेटीचा सगळा प्रवास मला ठाऊक होता. मीच इथे तिच्या कागदांवर शिक्के मारून घेत फिरलो होतो. ती घागर मात्र मला ठाऊक नव्हती.

मग वहिनींनी विचारलं की ती बाई त्याचं काय करणार आहे. मी सांगितलं की आत शिरलेलं मीठ काढायला त्याला औषधाच्या पाण्यात ठेवतात. महिनोन्‌महिने. पाण्यात मीठ उतरलं की ते टाकून नवं घालायचं, परत टाकायचं, परत घालायचं. ते पाणी आणि आपलं पाणी यात फरक आहे, वगैरे मी समजावत होतो, पण वहिनी पुढचं ऐकत नव्हत्या.

"म्हणजे अंघोळच," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबा उघडला नाही. दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला आणि मला एकदा बघायला न्या, एवढं मागितलं. देवाला निरोप देताना हातावर दही घालतात, तसं काही त्यांनी केलं नाही. आत जाऊन कणीक भिजवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी तो डबा संग्रहालयात पोचवला. त्यानंतर सकाळी दाढी करताना भिंतीपलीकडून आवाज येईना. मला वाटलं होतं, बरं वाटेल. डबे मात्र पुन्हा भरलेले परत येऊ लागले. दादा आपल्याच घरात पाहुण्यासारखे वावरत. वहिनी त्यांच्याशी भांडत नव्हत्या, ताट वाढत होत्या, कपडे इस्त्री करत होत्या, आणि दादा मला एकदा म्हणाले की हिने एकदा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

दोन-तीन महिन्यांनी मिसरी बाईने बघायला या म्हणून सांगितलं. दादा गाडीतच बसून राहिले, वर आले नाहीत. प्रयोगशाळा म्हणजे एक स्वच्छ, गार खोली होती, एसी मोठ्या आवाजात चालू. टेबलावर पांढऱ्या प्लॅस्टिकचा टब होता आणि त्यात तो उताणा पडला होता, पाण्याखाली, डोळे मिटून. शेजारच्या छोट्या टबात त्याचा हात. चमक गेली होती. गाल पुन्हा काळपट, खांद्याच्या जागी एक भोक, आणि त्यातून आतली माती दिसत होती. वाचेल का, असं मी बाईला इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली की थांबवता येईल, पण गेलेलं परत येत नाही, आणि डोक्यावरचा बुद्ध तर गेल्यातच जमा आहे. हे मी वहिनींना मराठीत सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

बाईने हातमोजे चढवले. पाणी बदलायची वेळ झाली होती. टबातलं पाणी नळीने काढून घेतलं, तेव्हा तो कोरड्या तळाशी पडलेला दिसला, एका हाताने कमी आणि पायांशिवाय. वहिनी एक पाऊल पुढे गेल्या. बाईने नम्रपणे तळहात दाखवला, हात लावू नका. वहिनींनी हात मागे घेऊन पाठीशी धरले. बाईने दुसरं भांडं उचललं.

"भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "विचारा ना तिला, पाणी कोमट आहे का."

मी विचारलं. बाईला प्रश्न विचित्र वाटला असणार. ती म्हणाली, नाही, खोलीत जेवढी हवा गार आहे तेवढंच गार, आम्ही तापवत नाही.

"हो," मी वहिनींना म्हटलं. "कोमट आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मग घालू दे तिला," त्या म्हणाल्या, आणि भांडं रिकामं होईपर्यंत हात तसेच पाठीशी धरून उभ्या राहिल्या.